सॉन्ग-जिन चो : पहिल्या क्रमांकानंतरची दहा वर्षे

स्वरजा

ऑक्टोबर २०१५मध्ये वॉर्सा येथील सतराव्या आंतरराष्ट्रीय शोपँ पियानो स्पर्धेचे (पोलिश संगीतकार शोपँ यांच्या नावाने भरणाऱ्या) पहिले पारितोषिक दक्षिण कोरियाच्या सॉन्ग-जिन चो यांना मिळाले, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. अशा विजेत्यांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा निकालाच्या बातमीपाशीच थांबते. चो यांच्या बाबतीत मात्र निकालानंतरचे लिहिण्यासारखे अधिक आहे, असे त्यांचे वादन ऐकताना मला गेली काही वर्षे सतत वाटत आले आहे. स्पर्धा जिंकणाऱ्याच्या नावापुढे त्या स्पर्धेचे नाव कायमचे चिकटते. चो यांनी ते झटकून टाकण्याची घाई केली नाही, आणि त्याच्याच जोरावर जन्म काढण्याचा मोहही धरला नाही. हे त्यांनी कसे साधले, ते मला समजले तेवढे येथे मांडते.

चो यांचा जन्म २८ मे १९९४ रोजी सोलमध्ये झाला. सहाव्या वर्षी त्यांनी पियानो शिकायला सुरुवात केली आणि अकराव्या वर्षी पहिला जाहीर कार्यक्रम केला. २००९मध्ये जपानमधील हामामात्सु स्पर्धा त्यांनी जिंकली. तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि त्या स्पर्धेचे तोवरचे सर्वांत लहान विजेते ठरले. २०११मध्ये मॉस्कोच्या चायकॉव्स्की स्पर्धेत त्यांना तिसरे पारितोषिक मिळाले. त्या वर्षी पहिले आले दानील त्रिफोनोव्ह, आणि दुसऱ्या क्रमांकावर होत्या कोरियाच्याच सोन यॉल-उम. २०१४मध्ये तेल अवीवच्या रुबिनस्टाइन स्पर्धेतही चो तिसरे आले. वॉर्साचे यश असे पायरीपायरीने आलेले आहे, आणि मधल्या दोन तिसऱ्या क्रमांकांना मी फार महत्त्व देते. पंधराव्या वर्षी जिंकलेल्या मुलाने सतराव्या आणि विसाव्या वर्षी पुन्हा रांगेत उभे राहून मागचा क्रमांक स्वीकारणे, ही सोपी गोष्ट नाही.

२०१२मध्ये ते पॅरिसला गेले आणि तेथील कॉन्झर्व्हाट्वार या संगीत महाविद्यालयात मिशेल बेरॉफ यांच्याकडे शिकू लागले. बेरॉफ हे देब्युसी, मेसियाँ, प्रोकोफिएव्ह या विसाव्या शतकाच्या संगीतात मुरलेले वादक आहेत. शोपँ स्पर्धेची तयारी करणारा विद्यार्थी अशा गुरूपाशी राहिला, ही गोष्ट पुढे फार कामाला आली असे माझे मत आहे.

वॉर्साची स्पर्धा १९२७पासून होते आहे आणि साधारणपणे दर पाच वर्षांनी भरते. तिच्यात केवळ शोपँच वाजवायचा असतो. पूर्वफेरीनंतर तीन फेऱ्या आणि मग वाद्यवृंदासह अंतिम फेरी, असा तो जवळजवळ तीन आठवड्यांचा कस असतो. १९९० आणि १९९५ या दोन्ही वेळी परीक्षकांनी पहिले पारितोषिक कोणालाच दिले नव्हते, यावरून तिची कडक शिस्त लक्षात यावी. पोलिनी १९६०चे, आर्गेरिच १९६५च्या आणि झिमरमान १९७५चे विजेते. १९८०मध्ये व्हिएतनामचे दांग थाय सोन जिंकले आणि ते आशियातील पहिले विजेते ठरले. २००५मध्ये लिम दोंग-मिन आणि लिम दोंग-ह्यॉक या कोरियन भावांना तिसरे पारितोषिक विभागून मिळाले होते. चो हे या स्पर्धेचे पहिले कोरियन विजेते. सर्वोत्तम पोलोनेझचे (पोलिश नृत्यतालावरच्या रचनेचे) पारितोषिकही त्यांनाच मिळाले.

अंतिम फेरीत त्यांनी शोपँचा ई मायनरमधला पहिला कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांची एकत्र रचना, वाजवला. या रचनेत सुरुवातीची सुमारे चार मिनिटे वाद्यवृंद एकटाच वाजत असतो आणि पियानोवादकाला हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसावे लागते. चित्रफितीत तेवढाच भाग पाहा. चो यांच्या चेहऱ्यावर कसलीही अधीरता दिसत नाही, आणि पहिले जोरकस स्वरगुच्छ पट्ट्यांवर पडतात तेव्हा वाद्यवृंदाचे बोलणे त्यांनी तोवर नीट ऐकून घेतले आहे, हे कळते. आधीच्या फेरीत वाजवलेली चोवीस प्रेल्यूड्सची (छोट्या स्वतंत्र रचनांची) मालिका मला या कॉन्चेर्टोपेक्षाही सरस वाटते. काही प्रेल्यूड्स अर्ध्या मिनिटात संपतात. अशी चोवीस चित्रे एका श्वासात, आणि तरीही प्रत्येकाला स्वतःची हवा ठेवून वाजवणे हे फार अवघड काम आहे.

विजयानंतर डॉइच ग्रामोफोन या ध्वनिमुद्रण कंपनीने स्पर्धेतील त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रिका काढली. सोलमध्ये ती घेण्यासाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि लोकप्रिय गाण्यांच्या अल्बमना मागे टाकून ती विक्रीच्या यादीत वर गेली. याच कंपनीशी त्यांचा करार झाला आणि २०१६मध्ये जानआंद्रेआ नोसेदा व लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांच्यासह पहिला कॉन्चेर्टो आणि चार बॅलड्स असलेली ध्वनिमुद्रिका निघाली.

येथून पुढचा रस्ता खरा पाहण्यासारखा आहे. शोपँचे उरलेले सारे काही ओळीने मुद्रित करून टाकणे व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे होते. चो यांनी २०१७मध्ये देब्युसी घेतला, २०१८मध्ये मोझार्ट घेतला, आणि २०२०मध्ये शूबर्टची 'वाँडरर' फँटसी, बर्गचा सोनाटा व लिस्टचा बी मायनर सोनाटा अशा, मध्ये खंड न पडता सलग वाहणाऱ्या तीन रचना एकत्र ठेवल्या. शोपँचा दुसरा कॉन्चेर्टो आणि चार स्केर्त्सो त्यांनी २०२१मध्ये मुद्रित केले, म्हणजे पहिल्या कॉन्चेर्टोनंतर पाच वर्षांनी. २०२३मध्ये हँडेलचे सुइट्स (लहान रचनांचे संच) आले आणि २०२५च्या आरंभी, रवेलच्या जन्माला दीडशे वर्षे होत असताना, रवेलचे संपूर्ण एकल पियानोसंगीत. या क्रमात मला एका माणसाचे शांतपणे वाढत जाणे दिसते. आपणांपैकी ज्यांनी ते ऐकले असेल, त्यांनी जरूर लिहावे.

---

वाटसरू

स्वरजाताई, लेख मनापासून आवडला. आपण एका प्रसंगाचा उल्लेख केला नाही, तो मी जोडतो. स्पर्धेनंतर सर्व परीक्षकांचे गुण फेरीवार प्रसिद्ध करण्यात आले. अंतिम फेरीत बहुतेक परीक्षकांनी चो यांना दहापैकी नऊ किंवा दहा गुण दिले होते. ज्येष्ठ फ्रेंच वादक फिलिप आँत्रमाँ यांनी मात्र एक गुण दिला होता. सतरा परीक्षकांपैकी एकाने सर्वांत खालचा गुण देऊनही चो पहिले आले, याचा अर्थ उरलेल्यांचे मत किती ठाम होते हे स्पष्ट आहे. तरीही तो एक गुण अनेक दिवस चर्चेत राहिला आणि कोरियात त्यावर बराच संताप व्यक्त झाला.

मला या प्रकाराचे वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने. परीक्षकाला एखादे वादन आवडले नाही, तर ते सांगण्याचा त्याला अधिकार आहे. पण अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या वादकाला दहापैकी एक गुण देण्यात संगीताविषयीचे कोणते मत व्यक्त होते, हे मला आजही समजलेले नाही.

---

अनाहत

वाटसरू, आपल्या मताचा आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो. गुण जाहीर झाले ही या स्पर्धेची फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडच्या कितीतरी संगीत स्पर्धांत परीक्षकांनी काय लिहिले हे स्पर्धकाला कधीच कळत नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तबला वाजवला होता आणि गुणपत्रक पाहायला मागितले, तेव्हा मला दारातूनच परत पाठवण्यात आले होते. त्या दृष्टीने पाहता वॉर्साच्या आयोजकांनी परीक्षकांनाही लोकांच्या परीक्षेला बसवले, हे मला कौतुकास्पद वाटते. त्या एका गुणाची चर्चा आपण आज करू शकतो, ती याच पारदर्शकपणामुळे.

दुसरे असे की, चो यांच्या वादनावरचा एक आक्षेप मी अनेक जाणकारांकडून ऐकला आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. त्यांचे वादन फार नितळ आहे, त्यात कोठे ओरखडा नाही, आणि म्हणून धोका पत्करल्याची जाणीव होत नाही, असे काहींना वाटते. मार्था आर्गेरिच यांच्या वादनात पुढच्या क्षणी काय होईल हे सांगता येत नाही. चो यांच्या बाबतीत तो थरार मला क्वचितच जाणवतो.

---

गोमंती

मी मडगावला पियानो शिकवते आणि अनाहत यांनी मांडलेल्या नितळपणाच्या मुद्द्यावर शिक्षिकेच्या बाजूने काही लिहावेसे वाटते.

पियानोच्या सुराला मींड नाही. पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून तो सूर विरायलाच लागतो. गायकाप्रमाणे किंवा व्हायोलिनवादकाप्रमाणे लागलेला सूर फुगवता येत नाही, वाकवता येत नाही. मग पियानो 'गातो' असे आपण का म्हणतो? कारण चांगला वादक पुढचा सूर नेमका तेवढ्याच वजनाने लावतो, जेवढे वजन मागच्या विरत जाणाऱ्या सुरात शिल्लक राहिलेले असते. कानाला सांधा कळत नाही आणि एक ओढ तयार होते. हे वजन मोजून दाखवता येत नाही, ते केवळ ऐकून साधावे लागते. माझे विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वेगाने बोटे फिरवू लागतात, पण चार सुरांची साधी ओळ गाती करण्यासाठी कित्येकांना दहा वर्षे पुरत नाहीत.

चो यांचा नितळपणा मला या जातीचा वाटतो. शोपँचे सी मायनरमधले नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची रचना), ओपस म्हणजे रचनाक्रमांक ४८ मधले पहिले, त्यांनी वॉर्साच्या पहिल्या फेरीत वाजवले होते. त्याच्या आरंभी डाव्या हाताला खालचा एक सूर आणि वर स्वरगुच्छ, अशी संथ पावले टाकायची असतात, आणि उजव्या हाताची ओळ मध्येमध्ये विसावे घेत, थांबत पुढे जाते. त्या विसाव्यांच्या जागी चो काय करतात ते ऐका. डावा हात चालूच असतो, पण तो किंचित मागे सरकतो, जणू बोलणाऱ्याला श्वास घ्यायला जागा करून देतो. मी हा तुकडा वर्गात पाचसहा वेळा लागोपाठ लावला आहे. हा धोका नव्हे असे कोणी म्हणेल, पण माझ्या दृष्टीने मोठ्या सभागृहात, परीक्षकांसमोर, एवढे हळू आणि एवढे उघडे वाजवण्याइतका मोठा धोका दुसरा नाही.

---

बर्लिनवासी

मी चो यांना पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकले ते नोव्हेंबर २०१७मध्ये, बर्लिन फिलहार्मोनीत. त्या कार्यक्रमात मुळात चिनी पियानोवादक लांग लांग वाजवणार होते. डाव्या हाताच्या दुखण्यामुळे त्यांना त्या वर्षी माघार घ्यावी लागली आणि सर सायमन रॅटल यांच्या वाद्यवृंदासोबत वाजवण्याची संधी चो यांना मिळाली. हाच वाद्यवृंद पुढे आशियाच्या दौऱ्यात त्यांना घेऊन हाँगकाँगला आणि सोललाही गेला.

रचना होती रवेलचा जी मेजरमधला कॉन्चेर्टो. या सभागृहात मंच मध्यभागी असून श्रोते सर्व बाजूंनी बसतात. मला डावीकडची स्वस्तातली जागा मिळाली होती आणि तेथून वादकाचे हात स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या भागाची पहिली सुमारे तीन मिनिटे पियानो पूर्णपणे एकटा वाजतो. डावा हात एकसारखा हेलकावत राहतो आणि उजवा हात वर लांबच लांब, न संपणारी ओळ विणत जातो. दोन्ही हातांची वजने एकमेकांवर नीट बसत नाहीत, डाव्याचा हेलकावा उजव्याच्या तीन मात्रांना सतत किंचित चकवतो, आणि त्यामुळे ती साधी दिसणारी ओळ तरंगत राहते. रवेलने हा भाग मोझार्टचा क्लॅरिनेट पंचक समोर ठेवून एकेका वेळी दोन-दोन मापे (स्वरलिपीतले मात्रांचे गट) असा कष्टाने रचला, हे मार्गरीत लाँ यांनी नोंदवून ठेवले आहे. १९३२मध्ये या रचनेचे पहिले वादन त्यांनीच केले होते.

त्या तीन मिनिटांत चो यांचे मनगट जवळजवळ हलले नाही. नंतर बासरी आत आली आणि पुढे इंग्लिश हॉर्नने तीच मूळ ओळ हाती घेतली. तेव्हा पियानोकडे केवळ भोवतीची बारीक वेलबुट्टी उरते. चो यांनी मान वळवून त्या वादकाकडे पाहिले आणि तो भाग संपेपर्यंत ते त्याच्याच कलाने वाजवत राहिले. एकल वादक म्हणून बोलावलेला, तोही ऐनवेळी आलेला तेवीस वर्षांचा तरुण, मुख्य ओळ दुसऱ्याच्या हाती गेल्यावर इतक्या आनंदाने साथीला बसतो, हे पाहून मी भारावून गेले. पुढे २०२४-२५च्या हंगामासाठी बर्लिन फिलहार्मोनिकने त्यांना आपले निवासी कलावंत म्हणून निवडले, तेव्हा मला ती मान वळवणे आठवले. २०१७पासून ते याच शहरात राहतात.

---

वाटसरू

बर्लिनवासी, आपण 'ऐनवेळी' म्हटलेत म्हणून कार्नेगी हॉलची ती रात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. दुसऱ्याच दिवशी न्यू यॉर्कमध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा कार्यक्रम होता, व्हालेरी गेर्गीएव्ह संचालन करणार होते आणि देनीस मात्सुएव्ह पियानो वाजवणार होते. दोघांचाही सहभाग रद्द झाला. संचालनासाठी यानिक नेझे-सेगाँ आले आणि पियानोसाठी बर्लिनमध्ये असलेल्या चो यांना निरोप गेला. रचना होती रखमानिनोव्हचा दुसरा कॉन्चेर्टो, जो त्यांनी २०१९नंतर मैफलीत वाजवला नव्हता. ते विमानाने अटलांटिक ओलांडून गेले, वाद्यवृंदासह थोडी तालीम केली आणि त्याच रात्री समोर स्वरलिपी न ठेवता वाजवले.

या प्रसंगाकडे पुष्कळजण साहसकथा म्हणून पाहतात. मला त्यात साठवलेल्या रियाजाचे दर्शन होते. तीन वर्षे कपाटात ठेवलेली एवढी अवाढव्य रचना एका रात्रीत बाहेर काढता येते, ती मुळात कशी शिकली गेली असेल याचा विचार करावा.

---

शंतनू

चर्चा फार चांगली चालली आहे. मला कोरियाच्या बाजूने काही जोडावयाचे आहे, कारण नोकरीनिमित्त मी तीन वर्षे सोलमध्ये होतो.

चो एकटे उगवलेले नाहीत. हान तोंग-इल यांनी १९६५मध्ये अमेरिकेतील लेव्हेंट्रिट स्पर्धा जिंकली. १९७४मध्ये च्युंग म्युंग-हून यांना चायकॉव्स्की स्पर्धेत पियानोसाठी दुसरे पारितोषिक मिळाले, तेव्हा सोलच्या रस्त्यांवरून त्यांची उघड्या मोटारीतून मिरवणूक निघाली होती. पुढे ते वाद्यवृंद संचालक म्हणून जगभर गाजले. १९४६मध्ये जन्मलेले पाइक कुन-वू पॅरिसला स्थायिक झाले आणि त्यांनी अनेक दशके तेथून कोरियन पियानोवादनाचे नाव राखले. २०१७मध्ये सनवू ये-क्वॉन यांनी अमेरिकेतील व्हॅन क्लायबर्न स्पर्धा जिंकली आणि २०२२मध्ये तीच स्पर्धा अठरा वर्षांच्या यिम युन-चान यांनी जिंकली. ते तिचे आजवरचे सर्वांत लहान विजेते आहेत.

सोलमध्ये मी राहत होतो त्या गल्लीत दोन पियानो-हागवोन होते. हागवोन म्हणजे शाळेनंतरची खासगी शिकवणी. संध्याकाळी कामावरून परतताना खिडक्यांतून चेर्नीचे धडे ऐकू येत. एकाच इमारतीत पाचसहा लहान खोल्या, प्रत्येकीत एक उभा पियानो आणि एक मूल. त्यातली बहुसंख्य मुले वादक होत नाहीत, पण ती मोठी झाल्यावर तिकीट काढून मैफलीला जातात. सोलच्या मैफलींत जेवढे तरुण श्रोते मी पाहिले तेवढे युरोपात पाहिले नाहीत.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. कोरियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे. ठरावीक आंतरराष्ट्रीय कलास्पर्धांत पहिल्या दोन क्रमांकांत येणाऱ्यांना नेहमीच्या सेवेऐवजी आपल्या कलेतच राहून सेवा पूर्ण करण्याची सवलत मिळते. ही तरतूद १९७३पासून आहे. विशीतल्या वादकाच्या हाताला दीड-दोन वर्षे खंड पडणे म्हणजे काय, हे येथील वाजवणाऱ्यांना सांगायला नको. स्पर्धांकडे कोरियन मुले इतक्या ओढीने का जातात याचे एक उत्तर या तरतुदीत आहे.

---

अनाहत

शंतनू, ही माहिती मोलाची आहे. यिम यांचे नाव निघालेच आहे तर विचारतो. व्हॅन क्लायबर्नच्या उपांत्य फेरीत त्यांनी लिस्टचे बाराही ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स (अतिशय अवघड सरावरचना) सलग वाजवले आणि अंतिम फेरीत रखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो. संचालिका मारिन ऑल्सप होत्या. ते चित्रमुद्रण मी असंख्य वेळा पाहिले आहे आणि मला हवा तो थरार तेथे मिळतो. चो आणि यिम यांच्यात दहाच वर्षांचे अंतर आहे, पण दोघे दोन प्रकृतींचे वाटतात. स्वरजाताई, आपल्याला काय वाटते?

---

स्वरजा

अनाहत, आपण म्हणता तो फरक मलाही जाणवतो. यिम वाजवतात तेव्हा रचना आपल्यासमोर पेटत जाते. चो वाजवतात तेव्हा तिच्यावरचा एकेक पडदा दूर होतो. यिम यांचा रखमानिनोव्ह ऐकल्यावर मी रात्रभर झोपू शकले नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण मी पुन्हापुन्हा जिकडे परत जाते ते वादन चो यांचे आहे, आणि त्याचे कारण शोधताना मला हँडेल सापडतो.

२०२३च्या त्या ध्वनिमुद्रिकेत हँडेलचे तीन सुइट्स आहेत आणि शेवटाकडे ब्राह्म्सच्या 'हँडेलच्या विषयावरील व्हेरिएशन्स'. हँडेलने हे संगीत हार्प्सिकॉर्ड या पियानोपूर्वीच्या पट्ट्यांच्या वाद्यासाठी लिहिले होते. ते आजच्या मोठ्या पियानोवर वाजवणारे थोडे, आणि त्याने टाळ्या मिळतील अशी आशा बाळगणारे त्याहून थोडे. जगातील कोणतेही सभागृह ज्यांच्या नावावर शोपँसाठी भरले असते, अशा वादकाने एफ मेजरमधल्या सुइटच्या संथ आरंभासाठी महिनोन्महिने द्यावेत, हे मला फार आश्वासक वाटते. त्या आरंभात उजव्या हाताची ओळ अलंकारांनी मढलेली आहे, आणि चो ते अलंकार गळ्यातून सहज निघालेल्या मुरक्यांसारखे घेतात. कोठेही 'पाहा, मी हे करतो आहे' असे नाही. त्याच वर्षी त्यांना कोरियातील हो-आम कला पारितोषिक मिळाले, पण मला तो सुइट अधिक लक्षात राहिला.

पोलिनी यांचे उदाहरण येथे आठवते. १९६०मध्ये अठराव्या वर्षी वॉर्सा जिंकल्यावर त्यांनी काही काळ मैफली अगदी कमी केल्या आणि आणखी शिकण्यात वेळ घालवला. चो मंचापासून दूर गेले नाहीत, पण प्रत्येक ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने त्यांनी स्वतःला पुन्हा विद्यार्थी केले. बेरॉफ यांच्याकडे घडलेला कान देब्युसीत आणि पुढे रवेलमध्ये उपयोगी पडला, हे मी सुरुवातीला म्हटले ते याच अर्थाने.

---

गोमंती

स्वरजाताई, रवेलविषयी अजून लिहा. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी रवेलचे सगळे एकल संगीत एकाच संध्याकाळी वाजवले. दोन मध्यंतरे धरून तो जवळजवळ तीन तासांचा कार्यक्रम होता. स्वतः वाजवणारी म्हणून सांगते, त्यातला 'गास्पार द ला न्वी' हा तीन भागांचा संच एकटाच एखाद्या वादकाची संपूर्ण ताकद संपवू शकतो, आणि येथे त्याच्या जोडीला 'मिर्वार' आहे, 'तोंबो द कूप्रँ' आहे, वॉल्ट्झ आहेत. एवढे सगळे एका बैठकीत वाजवण्याने संगीताचा लाभ होतो का, याविषयी माझ्या मनात शंका आहे. श्रोत्याचा कानही थकतो.

---

बर्लिनवासी

गोमंतीताई, मलाही हीच शंका होती. म्हणून मी ध्वनिमुद्रिका सलग न ऐकता रोज एक रचना अशी ऐकली, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे तेच योग्य आहे. तरीही एक फायदा मान्य करावा लागतो. १९०१च्या 'ज्यो दो'मधले खळाळते पाणी आणि १९०८च्या 'गास्पार'च्या पहिल्या भागातले, 'ओंदीन'मधले गूढ पाणी एकाच हातून ऐकले, की त्या सात वर्षांत रवेल कोठून कोठे गेला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

---

स्वरजा

गोमंतीताई, तीन तासांच्या कार्यक्रमाविषयी मीही आपल्याच मताची आहे. अशा मैफलीत वादकाच्या सहनशक्तीकडे लक्ष जाते आणि संगीत दुय्यम होते. ध्वनिमुद्रिका मात्र अवश्य ऐकावी, आणि तिच्यातही 'गास्पार'चा मधला भाग, 'ल जिबे'.

फाशीच्या खांबावर लटकलेला देह, क्षितिजावर बुडणारा लाल सूर्य आणि दूरच्या नगरातून येणारा घंटेचा आवाज, असे त्यामागच्या कवितेतले चित्र आहे. रवेलने ती घंटा एका सुरात पकडली आहे, कोमल बी. पहिल्या मापापासून शेवटच्या मापापर्यंत तो सूर वाजत राहतो. त्याच्या वर, खाली, दोन्ही बाजूंनी जड स्वरगुच्छ सरकत जातात आणि घंटा त्यांच्यामधून जात असते. वादकाला दोनच हात असतात. तो सूर कधी एका बोटाकडे, कधी दुसऱ्या हाताकडे द्यावा लागतो, आणि तरी त्याचा आवाज बदलून चालत नाही, कारण दूरवरची घंटा कोणासाठी जवळ येत नाही. बहुतेक वादनांत एखाद्या अवघड जागी ती घंटा दचकते. चो यांच्या वादनात मी ती मुद्दाम मोजत बसले. गुच्छ अंगावर येतात, पुन्हा ओसरतात, आणि घंटा ज्या अंतरावर होती त्याच अंतरावर राहते.

अनाहत, आपण धोक्याविषयी बोललात म्हणून हा भाग सुचवते. सुमारे सहा-सात मिनिटांचा आहे. हेडफोन लावून, दिवे मंद करून ऐका आणि आपल्याला काय वाटले ते येथेच लिहा.

---

अनाहत

काल रात्री ऐकला. मग लगेच दुसऱ्यांदा ऐकला, आणि त्या वेळी केवळ घंटेकडे लक्ष ठेवले. गोमंतीताईंनी वर लिहिले होते की सूर लागला त्या क्षणापासून विरू लागतो. दुसऱ्या वेळी मला प्रत्येक घंटा विरताना ऐकू आली, आणि पुढची येईपर्यंत मी श्वास धरून होतो. 'थरार क्वचितच जाणवतो' हे माझे विधान मी मागे घेतो. आज रात्री ओपस ४८चे नॉक्टर्न ऐकणार आहे.